मदत हवी आहे : ग्रानादात तीन दिवस, पाठीवर सॅक, आणि अल्हाम्ब्राची मुख्य तिकिटे संपलेली

नमस्कार.

येत्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझी भाची दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा शहरात तीन रात्री राहणार आहोत. भाची जर्मनीत श्टुटगार्टला शिकते. मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे इतिहास शिकवून मागच्या वर्षी निवृत्त झाले. विमानाने मालागा आणि तिथून दोनेक तासांच्या बसने ग्रानादा असा प्रवास ठरला आहे. गुरुवारी संध्याकाळी पोहोचू आणि रविवारी दुपारी निघू. दोघींच्या पाठीवर एकेक सॅक असेल, दुसरे सामान नाही. राहणे, खाणे, फिरणे आणि तिकिटे धरून माणशी रोज ४५ युरोंच्या वर, म्हणजे सुमारे साडेचार हजार रुपयांच्या वर जायचे नाही असे आम्ही ठरवले आहे, कारण भाची स्वतःच्या अर्धवेळ कामातून आपला वाटा भरणार आहे आणि माझा वाटा निवृत्तिवेतनातून जाणार आहे.

अडचण अशी झाली आहे की अल्हाम्ब्राची, म्हणजे ग्रानादातल्या टेकडीवरच्या मध्ययुगीन राजवाडे-किल्ल्याची तिकिटे आम्ही वेळेत काढली नाहीत. ही तिकिटे नावाने निघतात आणि पासपोर्टवरील तपशील द्यावा लागतो, त्यामुळे व्हिसा हातात पडेपर्यंत मी भाचीला थांबायला सांगितले. व्हिसा अपेक्षेपेक्षा पुष्कळ उशिरा आला, आणि आम्ही संकेतस्थळ उघडले तेव्हा आमच्या तिन्ही दिवसांची सर्वसाधारण तिकिटे संपलेली होती. सध्या फक्त बागा, हेनेरालीफे हा सुलतानांचा उन्हाळी महाल आणि अल्काझाबा हा जुना किल्ला एवढेच दाखवणारे तिकीट मिळते आहे, आणि त्यात नासरी राजवाडे, म्हणजे नासरी घराण्याच्या सुलतानांचे महाल, येत नाहीत. मला तर राजवाडेच पाहायचे आहेत.

त्यामागचे कारण थोडे सविस्तर सांगते. माझ्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर एका जुन्या दिनदर्शिकेचे पान अनेक वर्षे चिकटवलेले होते, त्यावर अल्हाम्ब्रातील सिंहांच्या चौकाचे छायाचित्र होते. मधल्या कारंज्याभोवती संगमरवरी सिंह बारा आहेत असे मी सांगत असे, आणि दरवर्षी कोणीतरी उठून जाऊन मोजत असे, कारण चित्रात सातच दिसत. १४९२ हे वर्ष शिकवताना पुस्तकात कोलंबस येतो. पण त्याच वर्षी २ जानेवारीला ग्रानादाचा शेवटचा सुलतान बारावा मुहम्मद, ज्याला स्पॅनिश लोक बोअब्दिल म्हणतात, त्याने हे शहर स्पेनची राणी इसाबेला आणि राजा फर्दिनांद यांच्या स्वाधीन केले, आणि कोलंबसाशी झालेला करारही एप्रिलमध्ये ग्रानादाजवळच्या सांता फे या लष्करी वसाहतीतच झाला, हे मी मुलांना आवर्जून सांगत आले. १२३८ मध्ये नासरी घराण्याने ग्रानादात राज्य स्थापले, ते अडीचशे वर्षे टिकले आणि त्या काळात हा राजवाडा उभा राहिला. इतकी वर्षे जे चित्रावरून शिकवले, त्याच्या दारापर्यंत जाऊन केवळ बाग पाहून परतावे लागले तर मला फार वाईट वाटेल.

म्हणून माझा पहिला प्रश्न असा की तिकीट संपले असे दिसत असतानाही नासरी राजवाड्यांत प्रवेश मिळवण्याचा खात्रीचा आणि आमच्या बजेटमध्ये बसणारा काही मार्ग आहे का? काही सहल कंपन्या मार्गदर्शकासह तिकिटे विकताना दिसतात, पण त्यांचे दर पाहता आमचा दोन दिवसांचा खर्च एका सकाळीत संपेल.

दुसरा प्रश्न चालण्यासंबंधी आहे. अल्बाइसीन ही समोरच्या टेकडीवरची जुनी वस्ती चढाची आहे आणि तिच्या वाटा गोट्यांनी बांधलेल्या आहेत असे वाचले. माझ्या उजव्या गुडघ्याला सलग चढ सोसतो, उतार मात्र सोसत नाही. सॅक घेऊन तिथे राहायला जावे की खाली शहरात राहून वर फक्त फिरायला जावे?

तिसरा प्रश्न जेवणाचा. आम्ही दोघी शाकाहारी आहोत, अंडे चालते. ग्रानादात पेयासोबत खाण्याची एक बशी फुकट मिळते असे सगळीकडे लिहिलेले आहे, पण त्या बशीत मांस नसेल हे आधी कसे सांगावे आणि मद्य न घेणाऱ्यांनाही ती मिळते का, हे कोणी लिहिलेले आढळले नाही.

ज्यांनी हे शहर कमी पैशांत पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे. कुठे न जाता चालेल हेही सांगितलेत तर वेळ वाचेल.

प्रतिसाद

बाई, नमस्कार. आपण शिक्षिका आहात म्हणून हीच हाक मारतो. ग्रानादाच्या विद्यापीठात मी दीड वर्ष होतो आणि त्या काळात माझेही बजेट साधारण आपल्याइतकेच होते, त्यामुळे स्वतः केलेल्या गोष्टीच सांगतो.

तिकिटाचा मार्ग आहे, आणि तो आपल्या दिवसांशी नेमका जुळतो. नासरी राजवाड्यांची रात्रीची भेट नावाचे वेगळे तिकीट असते. मध्य ऑक्टोबरनंतर हिवाळी वेळापत्रक लागते आणि मग ही भेट शुक्रवारी आणि शनिवारी रात्री ८ ते ९:३० या वेळात असते. हे तिकीट सर्वसाधारण तिकिटापेक्षा बरेच स्वस्त आहे, आणि दिवसाची तिकिटे संपलेली असतानाही मला ते अनेकदा शिल्लक दिसले आहे. आत्ता मिळणारे बागा आणि अल्काझाबाचे तिकीट शुक्रवारच्या सकाळचे घ्या, त्याच रात्रीचे राजवाड्यांचे तिकीट काढा, आणि दोन्ही मिळून जवळजवळ सगळे अल्हाम्ब्रा पाहून होईल. शुक्रवारची रात्र मिळाली नाही तर शनिवारची पाहा. तिकिटे फक्त अल्हाम्ब्राच्या अधिकृत संकेतस्थळावरच काढा, आणि दोन्ही वेळा मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, कारण प्रवेश नाव तपासूनच दिला जातो.

रात्रीच्या भेटीत काय हातचे जाते तेही सांगायला हवे. कोमारेस दालनाच्या, म्हणजे सुलतानाच्या दरबाराच्या, खिडक्यांतून येणारा उजेड दिसत नाही आणि छतांचे बारीक काम अर्धेच कळते. परंतु मेंदीसारख्या झुडपांनी वेढलेल्या आर्रायानेस चौकातल्या हौदात मनोऱ्याचे प्रतिबिंब रात्री स्थिर उभे राहते, आणि सिंहांच्या चौकात गर्दी इतकी कमी असते की कारंज्याचे पाणी ऐकू येते. मी दिवसा तीन वेळा आणि रात्री एकदा गेलो. आज पुन्हा एकच वेळ निवडायची झाली तर रात्रीची निवडेन.

शिवाय रोज सकाळी आणि मध्यरात्रीच्या सुमारास संकेतस्थळ उघडून पाहत राहा. लोक रद्द करतात ती सर्वसाधारण तिकिटे पुन्हा विक्रीला येतात. ते मिळाले तर राजवाड्यांची जी वेळ छापलेली असेल ती चुकवू नका, उशीर झाल्यास आत सोडत नाहीत. ग्रानादा कार्ड नावाच्या एकत्रित पासातही अल्हाम्ब्रा येते, पण तो आपल्या बजेटच्या बाहेरचा आहे, म्हणून तो सगळ्यात शेवटचा उपाय धरा.

तिकिटाशिवायही वर जाता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. १३४८ मध्ये बांधलेला न्यायद्वार, त्यापुढचा मद्यद्वार, आणि स्पेनचा राजा पाचवा चार्ल्स याचा राजवाडा पाहायला पैसे पडत नाहीत. हा राजवाडा बाहेरून चौरस असून आत गोल चौक आहे, आणि त्याच्या तळमजल्यावरच्या अल्हाम्ब्रा संग्रहालयातही विनामूल्य जाता येते. गुरुवारी लवकर पोहोचलात तर संध्याकाळी एवढे पाहून घ्या. चढण्यासाठी सी ३० ही छोटी बस आहे, तिकीट दीड युरोच्या आसपास.

अल्बाइसीनमध्ये राहू नका. तिथल्या वाटांवर नदीतले काळे-पांढरे गोटे उभे रोवून नक्षी केलेली आहे, दिसायला फार सुंदर, पण सकाळच्या दवात त्या गोट्यांवरून पाय सरकतो आणि उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो. प्लाझा नुएवा या खालच्या शहरातल्या चौकाच्या आसपास किंवा रेआलेखो या जुन्या ज्यू वस्तीच्या खालच्या बाजूला हॉस्टेल पाहा. सामायिक खोलीतली खाट मला ऑक्टोबरात पंचवीस युरोंच्या आत मिळत असे. स्वयंपाकघर असलेलेच हॉस्टेल घ्या, एका वेळचे जेवण तिथे केलेत तर पंचेचाळीस युरोंत सहज बसेल. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, तेव्हा शिधा शनिवारीच आणून ठेवा. नळाचे पाणी बिनधास्त प्या.

शनिवारी सी ३१ बसने सान निकोलासच्या सज्जापर्यंत वर जा. समोर अल्हाम्ब्रा आणि मागे सिएरा नेवादाचे डोंगर दिसतात. सूर्यास्ताला तिथे उभे राहायला जागा नसते, सकाळी नऊपर्यंत मात्र शांतता असते. उतरताही बसनेच उतरा. मग प्लाझा नुएवाहून दार्रो नदीच्या काठाने सपाट रस्त्यावर चाला, गुडघ्याला त्रास होणार नाही. त्याच रस्त्यावर बान्युएलो हे अकराव्या शतकातले हमाम आहे, ज्याच्या कमानदार छतात चांदण्यांच्या आकाराची भोके आहेत आणि त्यांतून उजेडाचे ठिपके जमिनीवर पडतात. बान्युएलो आणि बोअब्दिलच्या आईचा दार अल-होर्रा हा वाडा ही दोन्ही ठिकाणे रविवारी विनामूल्य असतात, म्हणून ती रविवारच्या सकाळसाठी राखून ठेवा. चौदाव्या शतकातली व्यापाऱ्यांची सराई, कोर्राल देल कार्बोन, हिच्या चौकात कधीही पैसे न देता जाता येते.

पैसे देऊन पाहावी अशी शहरातली एक जागा म्हणजे शाही समाधिगृह, अर्थात कापिया रेआल. वर इसाबेला आणि फर्दिनांद यांच्या कोरीव संगमरवरी समाध्या आहेत, पण चार पायऱ्या उतरून खालच्या तळघरात डोकावलेत की शिशाच्या साध्या, काळ्या शवपेट्या दिसतात, आणि त्यांत एक लहान मुलाची आहे. आपण इतिहास शिकवला आहे, आपल्याला तिथे थांबावेसे वाटेल. याच परिसरात काही बायका रोझमेरीची डहाळी हातात देतात आणि मग पैशांसाठी हटून बसतात, तेव्हा ती घेऊच नका. साक्रोमोन्ते या टेकडीवरच्या वस्तीतल्या गुहांमधले फ्लामेंको नृत्य-गायनाचे कार्यक्रम आपल्या बजेटमध्ये वगळावेत असे माझे मत आहे.

आता जेवण. फुकट बशी खरोखरच मिळते आणि त्यासाठी मद्य घ्यावे लागत नाही. द्राक्षाचा रस, ज्याला तिथे मोस्तो म्हणतात, किंवा साधे शीतपेय मागवले तरी ती येते. पेय मागवतानाच, बशी येण्याआधी, सांगायचे, 'सोमोस वेखेतारियानास, नी कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन'. शेवटचा शब्द सोडू नका, कारण डुकराच्या खारवलेल्या मांसाला तिथे पुष्कळ लोक मांसात मोजत नाहीत, आणि घेवड्याच्या भाजीपासून थंड टोमॅटो सूपपर्यंत कशावरही त्याचे तुकडे पडलेले असतात. बटाट्याचे अंडापोळीसारखे तोर्तिया दे पातातास निर्धास्त खा, पण तोर्तिया साक्रोमोन्ते मुळीच मागवू नका, त्यात परंपरेने प्राण्याचा मेंदू घालतात. आणि 'बेरेन्हेनास कोन मिएल' नक्की खा. वांग्याचे तळलेले काप असतात आणि त्यांवर मध नव्हे तर उसाची काकवी घातलेली असते. अरबांनी आणलेला ऊस ग्रानादाच्या दक्षिणेकडच्या किनारपट्टीवर शतकानुशतके पिकत असे, त्याचीच ही खूण. सांगलीच्या माणसाला तिची चव सांगायला नको.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपले मनापासून आभार. आपला प्रतिसाद वाचून भाचीने लगेच संकेतस्थळ उघडले. शुक्रवारची रात्र भरलेली होती, शनिवारच्या रात्रीची दोन तिकिटे मिळाली. बागांची तिकिटे शुक्रवार सकाळची काढली. आता शनिवारी सकाळी सान निकोलासचा सज्जा, दुपारी समाधिगृह आणि रात्री राजवाडे असा क्रम ठेवते आहे. त्या दिवशी दुपारी दोन तास हॉस्टेलवर पाय पसरून विश्रांती घेईन.

एकच विचारायचे राहिले. राजवाड्यांच्या भिंतींवर सर्वत्र अरबी मजकूर आहे असे वाचले. मला अरबी वाचता येत नाही. तरीही जागेवर उभी राहून निदान काही ओळखता यावे यासाठी आधी काय पाहून ठेवू?

प्रतिसाद

एक वाक्य चित्र म्हणून लक्षात ठेवा, कारण ते गिलाव्यात, लाकडात आणि फरश्यांवर पुन्हा पुन्हा येते. नासरी घराण्याचे ते ब्रीद आहे आणि त्याचा अर्थ 'अल्लाहखेरीज कोणी विजेता नाही' असा आहे. त्यात एकमेकांशेजारी उभ्या राहिलेल्या उंच रेघांची रांग असते, त्या रेघांवरून ते ओळखू येते. एकदा ओळखलेत की पुढच्या प्रत्येक दालनात आपोआप दिसेल.

आणि सिंहांच्या कारंज्याशी गेलात की वरच्या थाळ्याची कड पाहा. तिच्यावर सभोवार इब्न झमरक या दरबारी कवीची कविता कोरलेली आहे. पाणी आणि संगमरवर इतके सारखे दिसतात की दोहोंतले वाहते आहे ते कोणते हे कळत नाही, अशा अर्थाची एक ओळ तिच्यात आहे. चौकात दोरीच्या बाहेरूनच उभे राहावे लागते, त्यामुळे अक्षरे बारीक दिसतील. भाचीकडे लहान दुर्बीण असेल तर ती घेऊन जा. चौकाला पूर्ण फेरी मारलीत तर सिंहही बाराच्या बारा मोजता येतील.