शेकरू आणि मुलीच्या मैत्रीची कादंबरी: चित्रं किती आणि कुठे?

सड्यावरची (सातारा):
नऊ ते बारा वयाच्या मुलांसाठी कल्पनारम्य कादंबरी लिहून झाली आहे, १८,००० शब्द. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, त्या हंगामापुरती एका शेकरूला माणसाची भाषा येते. त्याची आणि कासजवळच्या एका मुलीची मैत्री. डेमी आकार (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), आतली चित्रं काळी-पांढरी. ९६ पानांत बसेल का? शिवाय शेवटी शेकरू 'मी तुझी साथ सोडणार नाही' म्हणतो, ते भाषण वाटतंय. तिथे चित्राची मदत कशी घ्यावी?

पानफूल:
ताई, उत्तर तुमच्या प्राण्यातच आहे. शेकरू झाडावरचा जीव. फांदीवरून फांदीवर सहा मीटरपर्यंत झेप घेईल, पण जमिनीवर सहसा उतरणार नाही. आणि कासचा सडा म्हणजे उघडा कातळ, वर पातळ माती, झाडाचा आडोसा नाही. ते वाक्य काढून टाका आणि त्याला मुलीसाठी कातळावर उतरवा.

तेही फुलं सुकल्यावर! भाषा गेलेली आहे, म्हणजे बोलून दाखवायची सोयच नाही. फक्त आधी दोनदा तरी मुलगी खालून हाक मारते आणि तो शेवटच्या फांदीवरच थांबतो, हे यायला हवं. नाहीतर उतरण्याची किंमत मुलांना कळत नाही. चित्रात तीन भाग आभाळ, एक भाग कातळ, आणि झाडी मागे राहिलेली. शेकरू अंगठ्याएवढा लहान. चेहऱ्यावर भाव काढूच नका, तो किती उघड्यावर आलाय एवढं दिसलं की पुरे.

चित्रकाराकडून आधी एक मापाचा कागद करून घ्या: मुलगी आणि शेकरू शेजारी, समोरून आणि बाजूने. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत शेकरू साधारण तीन फूट, त्यात निम्मी तरी शेपूटच. हा कागद नसला की पाचव्या प्रकरणापर्यंत त्याची खार होते.

फर्मा_सोळा (सांगली):
९६ पानांत नाही बसणार. डेमीवर १६ पॉइंट अक्षर आणि ओळींत २४ पॉइंट अंतर धरलं तर पानाला २१ ओळी, संवाद धरून दीडशे शब्द. ओळी याहून जवळ आणल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. १८,००० शब्दांची १२० पानं, सुरुवातीची ६, पूर्ण पानाची चित्रं १६: झाली १४२. म्हणजे १६ पानी ९ फर्मे (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाची घडी घालून होणारा पानांचा गठ्ठा), १४४ पानं.

शेवटचं चित्र दोन पानांवर पसरून हवं असेल तर जागा जपून निवडा. फर्म्याच्या मधोमधच दोन्ही पानं एका अखंड कागदावर येतात: ८-९, २४-२५, असं सोळा-सोळाने पुढे, शेवटी १२०-१२१ आणि १३६-१३७. इतरत्र डावं-उजवं पान वेगवेगळ्या ठिकाणी छापलं जातं आणि कातळाची रेघ जुळत नाही. शिलाई बांधणीच करा. नुसत्या गोंदाच्या बांधणीत मधला भाग पोटात जातो, म्हणून शेकरू शिवणीपासून निदान अर्धा इंच लांब ठेवा.

शाईची रेखाचित्रं ६०० डीपीआयवर (दर इंचाला ठिपके) स्कॅन करा, पेन्सिलीची छटा असेल तर ग्रेस्केलमध्ये ३००. कागद ८० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा छपाईचा कागद, घेतला तर गडद रात्रीचं चित्र मागच्या मजकुरातून दिसतं. १०० घ्या.

सड्यावरची (सातारा):
१३६-१३७ वर उतरण्याचा प्रसंग बसवते. त्यानंतर सातच पानं उरतात, तेही बरंच. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलाय, चालेल?

पानफूल:
युनिकोडमध्ये बदला, पण मग 'ऱ्य' एकेक करून तपासा. बदलताना 'साताऱ्याला'चं 'सातार्याला' होतं, 'कोऱ्या'चं 'कोर्या'. शोधा-बदला एका फटक्यात करू नका, नाहीतर 'सूर्य' आणि 'कार्य' बिघडतील. छपाईला पीडीएफ देताना फॉन्ट आत बसवलेला आहे ना, तेही बघा.