अनुभव धागा: परक्या मुलखात ताल शिकताना, शिकवताना

ठेकेदार_नाशिक
काल यूट्यूबने आपणहूनच अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादक डॉन चेरीची 1969 ची अंकाऱ्यातली (तुर्कस्तान) मैफल लावली आणि भांडी सिंकमध्ये तशीच राहिली. ड्रमवर ओकाय तेमिझ! स्टॉकहोमला नोकरीला होतो तेव्हा एका तुर्की सहकाऱ्याच्या घरी याच्या रेकॉर्डी ऐकायचो. माणूस 1939 चा, इस्तंबूलचा. डान्स बँडांतून वाजवत वाजवत स्वीडनला पोचला. मफी फलाय हा तुर्की ट्रंपेटवाला तिथे आधीच होता, दोघं 'सेव्दा' बँडमध्ये एकत्र आले. मग वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिका सोडलेले जॉनी ड्यानी आणि मोंगेझी फेझा, त्यांच्याबरोबर त्रिकूट. 1974 ला स्वतःचा बँड 'ओरिएंटल विंड', त्यात स्वीडिश जॅझवाले गावाकडच्या लग्नातल्या तुर्की चाली वाजवतायत! तांब्याचे ठोकून घडवलेले ड्रम, बिरिंबाव (ब्राझीलचं धनुष्यासारखं एकतारी वाद्य), घंटा, काय वाट्टेल ते. पुढे फिनलंडमध्ये शिकवलं, मग इस्तंबूलला परतून गलात्यात तालाची कार्यशाळा काढली.
आपल्यातही परदेशी शिकवणारे-शिकणारे आहेत. लिहा की.

एडिसनची_मावशी
मी शिकवते, तबला, इथे अमेरिकेत, बेसमेंटमध्ये. इथल्या मुलांच्या अंगात दोन आणि चारवर टाळी मुरलेली असते. तीनतालात पहिल्या टाळीवर हात मांडीवर, आणि खालीवर, म्हणजे जिथे टाळी द्यायचीच नसते तिथे, फाडकन टाळी! एक गोड पोरगी तर खालीवर पायही आपटायची. आधी ओरडायचे, आता त्यांनाच विचारते, बाळा तुला वजन कुठे लागतंय? मग तिथून सरकवत समेवर, पहिल्या मात्रेवर आणते. पालकांना मात्र दिवाळीच्या कार्यक्रमात स्टेज हवं असतं, मुलगा कायदा (तबल्यातली एक रचना) शिकला का याच्याशी देणंघेणं नाही. बाकी नंतर, कुकर झाला.

ढोलकी_सातारा
तुर्की लोक 9 मात्रा वाजवतात म्हणे. आमच्याकडे नऊ मात्रांचा मत्तताल आहेच की, त्यात काय एवढं

ठेकेदार_नाशिक
@ढोलकी भाऊ, नऊ मोजत बसलात तर गेलात. 2+2+2+3. चार पावलं चालायची, चौथं जरा लांब टाकायचं. सहकाऱ्याने मला जेवणाच्या टेबलावर चमच्याने शिकवलं: दुम तेक, दुम तेक, दुम तेक, दुम तेक तेक. त्यांनाही बोल आहेत, दुम म्हणजे जाड, तेक म्हणजे काठावरचा टणक. तेमिझ याच मोजणीवर जॅझचं झुलणं आणतो, चौथं पाऊल कुठेही सरळ न करता. युरोपात राहून ते सरळ करायचा मोह किती झाला असेल!

ढोलकी_सातारा
आत्ता गाडीच्या स्टेअरिंगवर करून बघितलं. सिग्नल सुटला, मागचा हॉर्न मारतोय तोही साधारण नऊमध्येच 😂

पेठेतला_पाहुणा
आम्ही इस्तंबूलला गेलो होतो तेव्हा त्युनेलहून गलाता टॉवरकडे उतरणारी गालिप देदे गल्ली, दोन्ही बाजूंना नुसती वाद्यांची दुकानं. दरबुका (पेल्याच्या आकाराचा तिकडचा ढोल) घेतला. हिने विमानतळापर्यंत बोलणं टाकलं होतं. आता पुण्यात शोकेसमध्ये आहे, त्यात नातवाचे क्रेयॉन.

एडिसनची_मावशी
@पेठेतला पाहुणा काका, पान (वाजवायचा पडदा) काढून बघा, फायबरचं असेल तर पोराला बडवायला द्या हो. बिघडत नाही.

झांजवाला
कोणी झांजांबद्दल बोललंच नाही! ड्रमसेटवरची ती काशाची ताटं, तिथल्याच एका अर्मेनियन घराण्याने 1623 ला इस्तंबूलमध्ये कारखाना काढला, झिल्जियन. आता अमेरिकेत. म्हणजे जॅझचा ड्रमर जगात कुठेही बसला तरी थोडं इस्तंबूल वाजतंच. तेमिझ परक्या देशात गेला म्हणता, पण वाद्य त्याच्या आधी पोचलेलं.

बर्लिनकर
माझा अनुभव फक्त खालच्या मजल्यावरच्या आजींचा. दुपारी एक ते तीन शांतता म्हणजे शांतता. पखवाजाला पीठ लावलं तरी चिठ्ठी.

चेंबूरची_नीता
डॉन चेरी वाचून आले. तो रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागरांकडे शिकला होता, आणि डागरसाहेब आमच्या चेंबूरचे! पुढे आपल्या त्रिलोक गुर्टूनेही चेरीबरोबर वाजवलं, शोभाताई गुर्टूंचा मुलगा. तबला, त्यात ड्रमसेट, त्यात जमिनीवर बसून. तेमिझ आणि त्रिलोक दोघांनाही घरून आणलेलं फेकायला न लावणारा माणूस मिळाला. सगळ्यांना मिळत नाही. माझ्या भावाला पॅरिसमध्ये 'थोडं साधं वाजव' असंच ऐकावं लागलं, शेवटी त्याने भरतकामाचा धंदा केला. छान चाललंय त्याचं.

बर्लिनकर
भरतकाम?? पॅरिसमध्ये?

चेंबूरची_नीता
हो हो, मोठ्या फॅशनवाल्यांना जरदोजी. वेगळा धागा काढते.

पेठेतला_पाहुणा
@मावशी फायबरचंच आहे. नातू उठवला. हिचा निरोप: तुमचा पत्ता द्या.