लॅपटॉपचा माग काढणाऱ्या सॉफ्टवेअरची चाचणी कशी घ्यावी?

प्रश्न
लॅपटॉप चोरीस गेल्यास त्याचा ठावठिकाणा कळावा म्हणून मी ‘प्रे’ हे सॉफ्टवेअर बसवले आहे आणि विंडोजमधील ‘फाइंड माय डिव्हाइस’ ही सोयही चालू केली आहे. नकाशा उघडला की लॅपटॉप माझ्या घरीच दिसतो. पण तेवढ्यावरून ऐन वेळी त्याचा उपयोग होईल, असे मानावे का?

प्रतिसाद १
मानू नये. घरच्या वाय-फायवर, तुम्ही स्वतः लॉगिन केलेले असताना घेतलेली ही परीक्षा फारच सोपी आहे. चोराला तुमचा पासवर्ड ठाऊक नसतो आणि तुमचे वाय-फायही त्याच्याकडे नसते. त्यामुळे लॅपटॉप पूर्ण बंद करून एखाद्या परिचिताकडे द्यावा, त्यांना तो सुरू करून लॉगिनच्या पडद्यावरूनच आपले वाय-फाय जोडायला सांगावे, आणि तुम्ही दुसऱ्या यंत्रावरून तो हरवल्याची नोंद करून अहवाल येतो का, आणि किती वेळाने येतो, ते पाहावे. बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएस नसते. आसपासच्या वाय-फाय राउटरांवरून ठिकाण ठरते. तेही न जमल्यास आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकावरून) अंदाज बांधला जातो आणि तो कित्येकदा भलत्याच शहरावर बोट ठेवतो. तेव्हा नकाशावर खूण दिसली म्हणून हुरळून न जाता अचूकता किती मीटरची आहे, तेही तपासावे.

प्रतिसाद २
वरील चाचणीत एक गोष्ट हमखास उघडी पडते. बिटलॉकरला, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजमधील सोयीला, सुरुवातीचा पिन लावलेला असेल, तर तो दिल्याशिवाय विंडोज सुरूच होत नाही आणि माग काढणारे सॉफ्टवेअरही मुके राहते. माझ्या मते तरीही एन्क्रिप्शन काढू नये, कारण यंत्रापेक्षा त्यातील माहिती बहुधा अधिक मोलाची असते. शिवाय डिस्क फॉरमॅट केली की असे सॉफ्टवेअर पुसले जाते, म्हणून बायोसला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, यंत्र सुरू करणाऱ्या प्रणालीला) पासवर्ड लावून यूएसबीवरून बूट होणे, म्हणजे पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू होणे, बंद करावे. चोराची वाट त्याने पूर्ण अडत नाही, पण बिकट होते. जाता जाता एक सांगतो: ‘फाइंड माय डिव्हाइस’ ऑफिसच्या किंवा शाळेच्या खात्यावर चालत नाही, त्यासाठी वैयक्तिक मायक्रोसॉफ्ट खातेच लागते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. दुरून माहिती पुसण्याची आज्ञाही करून पाहावी का?

प्रतिसाद ३
लॉक आणि भोंगा बिनधास्त तपासा. पुसण्याची आज्ञा मात्र बॅकअपमधील फाइली दुसऱ्या यंत्रावर खरोखर उघडतात, याची खात्री करून मगच द्या. त्याहून निकडीची परीक्षा खात्यात शिरण्याची आहे. दुहेरी पडताळणीचा कोड ज्या फोनवर येतो, तो लॅपटॉपच्याच बॅगेतून गेला तर नकाशा उघडणार कसा? फोन बाजूला ठेवून, केवळ कागदावर लिहिलेल्या रिकव्हरी कोडने (फोन नसताना वापरायच्या, खात्यातून आधीच घेऊन ठेवलेल्या कोडने) लॉगिन जमते का, ते आजच पाहा, आणि त्याच कागदावर लॅपटॉपचा सिरियल नंबरही उतरवून ठेवा, कारण पोलिसांत तक्रार देताना तो लागतो.