बीपी मी घेतलं की १७८, सीनियरने घेतलं की १५२, नेमकं कोणतं लिहायचं?

नवीन_जीएनएम
नमस्कार सगळ्यांना, दोन महिने झाले मेडिकल वॉर्डला नर्स म्हणून लागून. परवा रात्रपाळीला पाच नंबर बेडवरच्या आजींचं बीपी घेतलं, वय ७२, लघवीच्या इन्फेक्शनसाठी अॅडमिट आहेत. १७८/९६ आलं. मी घाबरून सीनियर स्टाफला बोलावलं, तिने घेतलं तर १५२/८८, मग म्हणाली तुला अजून नीट ऐकू येत नाही, १५०/९० लिहून टाक. लिहिलं मी, पण मनाला पटेना म्हणून पहाटे परत घेतलं तर १६४. आता यातलं खरं कोणतं? आणि १८०च्या आसपास आलं की लगेच डॉक्टरांना उठवायचं का, कारण मागच्या आठवड्यात एकदा उठवलं तर इंटर्न (शिकाऊ डॉक्टर) जाम चिडला होता. आजी सारख्या विचारतात "पोरी किती आहे गं" आणि मी आपली "ठीक आहे आजी" म्हणून सटकते.

रातपाळी२२वर्षं
टायटल वाचून आधी वाटलं तुझंच बीपी वाढलंय 😄 असो. अगं तिन्ही आकडे खरे असू शकतात, बीपी काही दगडावर कोरलेलं नसतं. पण आधी हे सांग, आजींचा हात कुठे होता? पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होता ना? २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी मोजून बघितलं होतं, हात मांडीवर ठेवला तर वरचं बीपी साधारण ४ ने जास्त येतं आणि बाजूला लोंबता ठेवला तर साडेसहाने. हात छातीच्या लेव्हलला पाहिजे आणि त्याला खालून आधार पाहिजे, सरळ उशी दे.
दुसरं म्हणजे ब्लाउजची बाही. आपण काय करतो, घट्ट बाही वर सरकवतो आणि खाली कफ (मशीनचा हवा भरायचा पट्टा) बांधतो, मग ती बाहीच दोरीसारखी आवळून बसते. एक हात बाहीतून काढायला लाव, लाजत असतील तर पडदा ओढ. आणि कफ! जाड दंडाला छोटा कफ बांधलास तर आकडा वरच येणार, आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराला निदान ८० टक्के तरी वळली पाहिजे. आमच्या वॉर्डात मोठा कफ एकच होता आणि तो कायम आयसीयूत गेलेला असायचा.
ऐकू येण्याचं म्हणशील तर स्टेथो लावायच्या आधी मनगटाची नाडी धरून हवा भर, नाडी गेली की तो आकडा लक्षात ठेव, सगळी हवा सोड, थोडं थांब आणि मग त्याच्या ३० वर नेऊन ऐकत ये. म्हाताऱ्या माणसांत कधी कधी आवाज येतो, मधेच गायब होतो आणि खाली परत सुरू होतो, डायरेक्ट १६० पर्यंतच हवा भरली तर तो वरचा आवाज हुकतो आणि १७८ चं १५२ होतं. म्हणजे चुकलेली तूच असशील असं काही नाही बरं का! हवा सेकंदाला २-३ नेच उतरव, फुस्सकन सोडू नकोस.

ब्रदर_मराठवाडा
ताईंचं सगळं बरोबर, आणि बीपीच्या आधी पेशंटला पाच मिनिटं शांत बसवायचंही असतं, पण ४० पेशंट आणि दोन स्टाफ असताना प्रत्येकाला तसं कोण बसवणार? मी काय करतो सांगतो, आधी पूर्ण लाईनचं टेंपरेचर-पल्स घेतो, जाता जाता सगळ्यांना सांगतो की उठू नका बोलू नका, मग परत पहिल्या बेडपासून बीपी सुरू. तेवढ्यात आपोआप पाच-दहा मिनिटं होतात.
आणि ते १५०/९० लिहिणं बंद कर. तुमच्या सीनियरला स्वतःला ८८ आलं होतं ना, मग ९० कुठून आलं? पाऱ्याच्या किंवा डायलच्या मशीनवर २-२ च्या रेघा असतात, त्यामुळे १५२, १७८ असेच आकडे येणार. अख्ख्या वॉर्डच्या चार्टवर १२०/८०, १३०/८० दिसलं की समजायचं कफ कुणाच्या हाताला लागलेलाच नाही. डायलवालं मशीन असेल तर हवा नसताना काटा शून्यावर बसतो का तेवढं बघ, आमचा एक ६ वर बसायचा, महिनाभर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

रातपाळी२२वर्षं
हो, आणि उठवायचं कधी ते राहिलंच. १८०/१२० च्या घरात असेल आणि सोबत छातीत दुखतंय, दम लागलाय, बोलणं अडखळतंय, एका बाजूची ताकद गेलीय, दिसेनासं झालंय, पेशंट गोंधळलाय, यातलं काहीही असेल तर इंटर्न चिडो नाहीतर नाचो, ताबडतोब उठव. तसं काही नसेल तर लघवीला जाऊन येऊ दे, पाच मिनिटांनी परत घे, दोन्ही हातांचं घे, आणि मग कळव. नुसतं "सर बीपी वाढलंय" म्हटलं की ते चिडणारच. "पाच नंबर, ७२ वर्षं, १७८/९६, पाच मिनिटांनी १७०, दोन्ही हात सारखे, त्रास काही नाही, बीपीची गोळी चार्टवर नाही" असं सांग, बघ कसे नीट ऐकतात.
आम्ही नवीन होतो तेव्हा निफेडिपिनची कॅप्सूल टोचून थेंब जिभेखाली द्यायचे, बीपी धाडकन खाली यायचं आणि सगळे खूश. पुढे कळलं की त्या धाडकन येण्यानेच काहींना पॅरालिसिस, हार्ट अटॅक व्हायचा. आता कुणी सांगितलं तरी करू नकोस.

सीएचओ_सिंधुदुर्ग
मी उपकेंद्रात सीएचओ म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर आहे. २०१७ ला इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह (बीपी आटोक्यात ठेवायचा सरकारी कार्यक्रम) सुरू झालं त्यात महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत आमचा जिल्हा होता, त्यामुळे दिवसभर हेच काम. टार्गेट १४०/९० च्या खाली. आमच्याकडचा खरा त्रास वेगळाच, माणसं म्हणतात डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही, आणि गोळी सोडून देतात. अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने पाय सुजले की कुणाला न सांगता बंद. म्हणून मी आधीच सांगून ठेवते की सूज आली तर माझ्याकडे या, डॉक्टर गोळी बदलून देतील, बंद करू नका. मीठ दिवसाला ५ ग्रॅम म्हणजे एक छोटा चमचा, पण सुकी मासळी नि लोणचं त्यात धरायचं असतं हे पटवताना नाकी नऊ येतात.
बाकी आजींना आकडा सांग गं, त्यांचाच तो. आणि घरी गोळी चालू होती का ते विचार आधी.

नवीन_जीएनएम
सगळ्यांचे खूप आभार 🙏 आज दुपारी घेतलं. बाही काढली, हात उशीवर ठेवला, आधी बाथरूमला जाऊन यायला सांगितलं, पाच मिनिटं गप्प बसवलं (हे सगळ्यात अवघड गेलं). उजवा १६२/९०, डावा १५८/९०. मग सीएचओ ताईंचं वाचून गोळीचं विचारलं तर म्हणतात, "घेते की रोज, डब्यात आहे, इथे दाखल केल्यापासून कुणी दिलीच नाही म्हणून मला वाटलं तुम्ही बंद केली." पिशवीतून डबा काढला, अॅम्लोडिपिन ५! अॅडमिशनच्या पेपरवर कुठेच लिहिलेलं नाही, चार दिवस झाले. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी लगेच चार्टवर चढवली, आणि इंटर्नने मला थँक्यू म्हटलं, चिडणाराच तो!

रातपाळी२२वर्षं
शाब्बास. गोळी सुरू झाली की उभं करूनही घे, तीन मिनिटांत वरचं २० किंवा खालचं १० ने उतरलं तर रात्री एकटीला बाथरूमला सोडू नकोस, मावशींना सांगून ठेव.

नवीन_जीएनएम
हो ताई, सांगते. आजींना आकडा सांगितला तर त्यांनी पिशवीतला पापडाचा पुडा गुपचूप सुनेच्या हातात दिला.