फरदड वाईट हे पाठ आहे, तरी कपाशी उभीच का?

तापीकाठ (चोपडा):
डिसेंबर सरला तरी आमच्या शिवारात बांधाला बांध लागून कपाशी उभी आहे, म्हणजे फरदड, हंगाम संपल्यावरही राखलेलं पीक. माझीही. काल एक हिरवं बोंड फोडलं, तर आत सरकीला चिकटून गुलाबी अळी. २०१७ साली राज्यभर हिनेच कापूस खाल्ला. तेव्हापासून दरवर्षी सांगतात, डिसेंबरअखेर पीक काढा, नाहीतर अळी उरल्यासुरल्या बोंडांत, पऱ्हाटीत (कपाशीच्या वाळक्या झाडांत) पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. दिवाळीत मी ठरवलंही होतं. पण झाडावर हिरवी बोंडं दिसली आणि हात धजला नाही. माहिती कमी पडत नाही, आपलं मन कच्चं पडतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पारोळेकर:
मन कच्चं म्हणू नका भाऊ. पहिल्या दोन वेचण्या खत-बियाण्याच्या उधारीत गेल्या. घरात जो पैसा येईल तो आताचाच, क्विंटल-दीड क्विंटल का होईना. विहीर तासभर चालते. तेवढ्यावर उभं पीक जगतं, नवं पेरता येत नाही. रान मोकळं करून काय करू?

तापीकाठ:
तुमची अडचण खरी आहे. पण माझ्याकडे ठिबक आहे, हरभऱ्याचं बियाणं घरात पडून आहे. मागच्या वर्षीच्या फरदडीचा हिशेब वहीत आहे: निम्मा कापूस कवडी, म्हणजे किडका-डागी, व्यापाऱ्याने भाव पाडला, मजुरी जाऊन हाती काही उरलं नाही. वही उशाशी ठेवूनही मी थांबलोच ना? कळतं पण वळत नाही, ते हेच.

धरणगावची लेक:
वेचायला आम्ही बायका जातो. किडकं बोंड नीट उमलत नाही, कापूस नखाने उकरावा लागतो. मजुरी किलोवर, आणि दिवसभरात वजन निम्मंसुद्धा भरत नाही. दादा, लांबून बोंडं मोजू नका. वीस तोडा, फोडा, मग ठरवा.

पारोळेकर:
आणि एकट्याने काढून उपयोग काय? अळीचा पतंग बांध ओळखतो का? सगळ्या गावाने एकाच आठवड्यात काढलं तर मीही काढतो.

तापीकाठ:
ताई, वीस फोडली. तेरांत अळी निघाली. तीच बोंडं शेजारच्या काकांच्या ओट्यावर नेऊन ठेवली. ते काही बोलले नाहीत, पण सगळी उलटून पाहिली. मंगळवारी ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या बसवतोय, मागोमाग पऱ्हाटी उपटतो.

पारोळेकर:
तुम्ही काढा, चांगलंच आहे. मी ही वेचणी घेऊनच काढणार. मार्चअखेर सोसायटीचं कर्ज भरायचं आहे.