मोठ्या फॉल्टला लागून जमीन आहे म्हणजे सोनं आहे का?

अश्मक
भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे. सोन्याच्या शोधमोहिमांचे अहवाल वाचतोय. जवळजवळ प्रत्येक कंपनी आपलं क्षेत्र अमुक एका मोठ्या प्रस्तरभंगावर, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगेवर (फॉल्टवर), असल्याचं ठळकपणे सांगते. पण कॅनडातल्या अबिटिबी या सोन्याच्या पट्ट्याचा नकाशा काढून बसलो, तर कॅडिलॅक-लार्डर लेक फॉल्ट दोनशे किलोमीटरहून लांब आणि खाणी मात्र ठरावीक जागी गुच्छाने, त्यातल्या बऱ्याच मुख्य रेषेपासून बाजूला. मग फॉल्ट नेमकं काय करतो? आणि उच्च प्रतीचं सोनं थोड्याच जागी का साठतं?

कोअरबाई
प्रश्न अगदी योग्य जागी विचारलात. मी ड्रिलिंगमधून निघणाऱ्या खडकाच्या दांड्यांची, म्हणजे कोअरची, तपासून नोंद करते, त्यामुळे उत्तर खडकाच्या बाजूने देते.

मुख्य फॉल्ट हा वाट असतो, साठा क्वचितच. कवचात खोलवर उष्णता आणि दाबाने रूपांतरण होताना खडकांतून पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि गंधक सुटतं, आणि सोनं गंधकाशी संयुग करून त्या द्रवात विरघळून वर येतं. हा द्रव मोठ्या फॉल्टमधून चढतो, पण थांबतो तो त्याच्या दुय्यम-तिय्यम फाट्यांत. लार्डर लेकजवळची केर-ॲडिसन खाण मुख्य फॉल्टच्या पट्ट्यातच होती, पण तो अपवाद.

आता खरी गंमत. तीव्र उताराचा उलटा फॉल्ट (ज्यात वरचा खडक दाबाने वर ढकलला जातो) सहजासहजी सरकत नाही, कारण दाबाच्या दिशेशी त्याचा कोन गैरसोयीचा असतो. खाली द्रव साठत जातो आणि त्याचा दाब वरच्या खडकाच्या भाराइतका किंवा त्याहून जास्त होतो. मग फॉल्ट तुटतो, भूकंप होतो, द्रव उसळून वर जातो, दाब एकदम कोसळतो आणि क्वार्ट्‌झ व सोनं द्रवातून सुटून साठतं. क्वार्ट्‌झने भेग बुजली की पुन्हा दाब साठायला सुरुवात. सिब्सन, रॉबर्ट आणि पोल्सन या भूशास्त्रज्ञांनी 1988 मध्ये ही झडपेसारखी क्रिया मांडली. कोअरमध्ये ती डोळ्यांना दिसते: क्वार्ट्‌झच्या शिरेत काळपट पातळ पट्ट्या, एकीला समांतर दुसरी. भेग उघडली आणि भरली, असं पुन्हापुन्हा घडल्याची ती खूण. असा तुकडा ट्रेमध्ये दिसला की मी भिंग घेऊन तिथेच थांबते.

जिथे फॉल्ट वळतो, पायरी घेतो किंवा दोन फॉल्ट छेदतात, तिथे सरकताना पोकळी उघडते. द्रवाचा दाब सर्वांत जास्त तिथेच कोसळतो. वेदरली आणि हेन्ली यांनी 2013 मध्ये दाखवलं की मोठ्या भूकंपात अशा वळणावरच्या द्रवाची क्षणात वाफ होऊ शकते. म्हणून सरळसोट, गुळगुळीत फॉल्टपेक्षा वाकडातिकडा फॉल्ट मला जास्त आशादायक वाटतो.

गंधकशास्त्री
भर घालतो. भूमिती अर्धीच गोष्ट. फॉल्ट कोणत्या खडकाला कापतो तेही बघा. लोहसमृद्ध खडक द्रवातलं गंधक ओढून घेतो, पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) तयार होतं आणि गंधकाचा आधार गेलेलं सोनं तिथेच पडतं. ऑस्ट्रेलियात कालगुर्लीच्या गोल्डन माइलमधलं बरंचसं सोनं डोलराइट या लोहसमृद्ध अग्निजन्य खडकात आहे. म्हणजे फॉल्टचं प्रतल आणि असा खडक जिथे एकमेकांना छेदतात ती रेषा शोधायची.

अश्मक
दोघांचेही आभार. मग हे कसं वाचायचं: एका अहवालात ‘20 मीटर, टनाला 5 ग्रॅम’ असं आहे. चांगलं की वाईट?

कोअरबाई
तेवढ्यावरून सांगता येत नाही. अर्ध्या मीटरच्या शिरेत टनाला 200 ग्रॅम आणि उरलेल्या साडेएकोणीस मीटरमध्ये काहीच नाही, तरी सरासरी 5 ग्रॅमच येते. आतले स्वतंत्र नमुने मागा. शिवाय भोक शिरेला तिरकं गेलं असेल तर लांबी फुगते, म्हणून खरी रुंदी विचारा. दिसणारं सोनं असलेल्या शिरेत एकाच कोअरचे दोन अर्धे वेगळे आकडे देतात, कारण एखादा मोठा कण कुठल्या अर्ध्यात गेला यावर सगळं अवलंबून.

पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न झुकावाचा. समृद्ध पट्टे फॉल्टच्या प्रतलात सगळीकडे पसरत नाहीत. ते अरुंद असतात आणि एका ठरावीक दिशेने खाली जातात. बऱ्याचदा वर सांगितलेल्या छेदरेषेला समांतर. पृष्ठभागावर छोटे दिसणारे खोलीत लांबवर टिकू शकतात. कोलारची चॅम्पियन रीफ ही शीर अरुंद, पण खाण 3 किलोमीटरहून खोल गेली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियामधल्या फॉस्टरव्हिल खाणीत वरच्या भागात सोनं सल्फाइड खनिजांत अडकलेलं होतं, डोळ्यांना न दिसणारं. फॉल्टचा पाठलाग करत खाली गेल्यावर 2010 च्या दशकात ईगल आणि स्वान भागांत क्वार्ट्‌झमध्ये दिसणारं, फार उच्च प्रतीचं सोनं लागलं. वरच्या आकड्यांवर समाधान मानलं असतं तर ते जमिनीतच राहिलं असतं. म्हणून दिशा न मोजता काढलेल्या कोअरबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. शिरेचा कोन आणि फॉल्टच्या पृष्ठावरचे ओरखडे कुठे रोखलेत हे कळलं नाही, तर पुढचं भोक अंदाजानेच पडतं.

तुटकी शीर
आणि शीर अचानक संपली तर? आमच्या प्रकल्पात असंच झालंय.

कोअरबाई
मग आधी शीर तोडणाऱ्या फॉल्टचं वय ठरवा. गाउजमध्ये, म्हणजे फॉल्टमधल्या दळलेल्या मातकट चुऱ्यात, क्वार्ट्‌झचे चुरडलेले, कोनदार तुकडे असतील तर फॉल्ट सोन्यानंतरचा. गाउजलाच क्वार्ट्‌झने सांधलं असेल तर तो आधीचा किंवा त्याच काळातला. नंतरचा असेल तर साठा तुटून सरकलेला असू शकतो. ॲरिझोनातला सॅन मॅन्युएलचा तांब्याचा साठा असाच कापला गेला होता. भूशास्त्रज्ञ डेव्हिड लोवेल यांनी 1965 मध्ये फॉल्टच्या सरकण्याची दिशा आणि खडकातल्या बदलांची वलयं जुळवून दुसरा तुकडा, कालामाझू, शोधून काढला. ओरखड्यांची मोजमापं असतील तर इथे टाका, दिशा मिळून काढू.