ख्मेर विद्यार्थी मंडळ चालवताना: तुमच्या हाताला माहीत असलेले बारकावे इथे लिहा

कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला १९५०-६०च्या दशकांत कंबोडियातून ख्मेर, म्हणजे तिथल्या मुख्य समाजाचे, विद्यार्थी शिकायला येत. त्यांतले काही तिथे होते म्हणून १९७५ नंतरचे निर्वासितही तिकडेच वळले, आणि २००७ मध्ये शहरानं ॲनाहाइम स्ट्रीटच्या एका पट्ट्याला ‘कंबोडिया टाउन’ असं नाव दिलं. तिथे किंवा मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलसारख्या गावात विद्यापीठातलं ख्मेर मंडळ चालवायचं, तर मोठी अडचण एकच: चार वर्षांत सगळे चेहरे बदलतात आणि शिकलेलं त्यांच्याबरोबर निघून जातं. या मंडळांना हातभार लावणाऱ्या मराठी मंडळींनी आपापल्या कामाचं लिहावं. आठवणी नकोत. काय, किती, कसं आणि कुठे चुकतं, एवढंच. नमुना म्हणून खाली काही.

पोशाख

साम्पोत चांग क्बेन म्हणजे काष्टाच. नऊवारी नेसवणाऱ्या बाईला लगेच जमतो, फक्त निऱ्यांची सवय बाजूला ठेवावी लागते. कापड साधारण ३ मीटर लांब, १ मीटर रुंद. आधी कमरेला सुती नाडी बांधून घ्या. कापडाचा मध्य कण्यावर धरून दोन्ही टोकं पुढे आणा, बेंबीखाली आवळून गाठ मारा. उरलेली दोन्ही टोकं एकावर एक ठेवून काठापासून घट्ट गुंडाळत न्या, ती गुंडाळी पायांमधून मागे घ्या आणि नाडीत खोचा. त्यावर धातूचा कमरपट्टा.

नवी मुलं सरळ उभी राहून खोचतात, तिथेच चुकतं. ख्मेर शास्त्रीय नाच सगळा गुडघ्यात वाकून आहे. पहिल्याच बैठकीला काष्टा ताणला जातो आणि मागून सुटतो. गुडघे वाकवूनच खोचा, दोनदा खाली बसवून उठवा, मगच पट्टा लावा.

शास्त्रीय नाचात अंगरखा नर्तिकेच्या अंगावरच शिवून घट्ट करतात. मंडळात हूक चालतात, पण शिवायचंच असेल तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं लांब धावदोरा घाला. घाईत उसवताना कात्री जरीत जात नाही. सेफ्टी पिना जरीला लावू नका, एकेक तार ओढली जाते. नाच झाल्यावर कापड उलटं करून सावलीत वाळवा आणि मलमलीसकट पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत घामाची ओल राहते आणि जर काळी पडते. घडी घातली तर ती घडीवरच तुटते.

नाच आणि वाद्यं

हाताच्या मुद्रांना क्बाच म्हणतात: अंकुर, पान, फूल, फळ असा झाडाचा क्रम बोटांतून जातो. बोटं मागे वळवायचा सराव लहानपणी सुरू होतो. एकोणीस-वीसाव्या वर्षी सुरू करणाऱ्यांनी चारही बोटं मिळून दहा सेकंद दाबायची, आठ वेळा, रोज. एकेक बोट ओढू नये. मनगटात कळ आली की त्या दिवशीचा सराव बंद.

कार्यक्रमाची सुरुवात ‘चुन पोर’ या आशीर्वादाच्या नाचानं करतात, त्यात प्रेक्षकांकडे पाकळ्या उधळतात. नर्तिका अनवाणी असतात आणि लाकडी मंचावर ओल्या गुलाबपाकळीवरून पाय सटकतो. पुढच्या नाचाआधी झाडू मारणारा माणूस आधीच ठरवा.

पिनपीत वाद्यवृंदात साम्फो हा छोटा दोन तोंडांचा ढोल सगळ्यांना चालवतो. त्याच्या तोंडावर भात आणि राखेचा लगदा लावून सूर बसवतात, आपल्या पखवाजाच्या कणकेसारखा. वादन संपलं की तो ओलसर असतानाच काढा. वाळला तर खरवडताना कातडं जातं. वाद्य ओलांडू नका. गुरुवंदना, म्हणजे साम्पेआ क्रू, गुरुवारी करतात, तेव्हा सभागृह शनिवारचं मिळत असेल तर आधी शिक्षकांना विचारा. गुरुवारचं ख्मेर नाव ‘प्रोहोआ’ हे बृहस्पतीवरूनच आलंय.

खेळ

एप्रिलच्या मध्यावर नववर्ष येतं, चोल छ्नाम थ्मई. त्यातला ‘लेआक कान्साएंग’ म्हणजे मामाचं पत्र हरवलं. पत्राऐवजी पीळ घातलेला क्रमा, म्हणजे चौकड्यांचा ख्मेर पंचा. पीळ सैल असेल तर धावताना उलगडतो. दोन जणांनी टोकं धरून तो आपोआप दुमडेपर्यंत पिळा. बारा ते पंधरा जणांचं वर्तुळ पुरे.

फलक आणि पत्रकं

ख्मेर अक्षराखाली लटकणाऱ्या जोडाक्षराला ‘जेउंग’ म्हणतात, म्हणजे पाय. आपण पाय मोडतो, ते पाय लावतात. टंकताना आधी मूळ व्यंजन, मग जेउंगचं चिन्ह, मग दुसरं व्यंजन आणि शेवटी स्वर. ‘थ्मई’मध्ये थ खाली म लटकायला हवा, छपाईवाल्याकडे फॉन्ट नसेल तर तो शेजारी येऊन बसतो आणि मध्ये बारीक अधिकचिन्ह दिसतं. फाइल देताना अक्षरांचं आकृतीत रूपांतर करूनच द्या. शिवाय ख्मेरमध्ये शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे ओळ कुठेही तुटते. प्रत्येक शब्दानंतर शून्य रुंदीची जागा (झिरो-विड्थ स्पेस, दिसत नाही पण ओळ तिथेच तुटते) टाका आणि छपाईआधी ख्मेर वाचणाऱ्या वडीलधाऱ्याला कागदावर दाखवा, फोनवर नको.

आमोक (केळीच्या पानात वाफवलेली मासळी), बारा जणांसाठी

कॅटफिश १ किलो, नारळाचं घट्ट दूध ८०० मिली, अंडी २, फिश सॉस २ मोठे चमचे, ताडगूळ १ चमचा, प्राहोक (आंबवलेली मासळी) १ छोटा चमचा. वाटण म्हणजे क्रोउंग: गवती चहाच्या ६ काड्या, गलांगल (आल्यासारखा कंद) आणि ओली हळद प्रत्येकी बोटाच्या पेराएवढी, लसूण ८ पाकळ्या, माक्रूट लिंबाची ५ पानं, भिजवलेल्या ४ सुक्या मिरच्या. गवती चहाची आपण पानं वापरतो. इथे फक्त बुडाचा फिकट, बोटभर भाग. तो आडवा, कागदासारखा पातळ चिरूनच खलात घाला, नाहीतर कितीही कुटलं तरी दोरे दाताखाली येतात. केळीचं पान विस्तवावर फिरवून मऊ करा, वाट्या टाचा, सगळं कालवून त्यांत भरा, मंद वाफेवर २५ ते ३० मिनिटं ठेवा. मोठ्या आचेवर दूध फुटतं आणि वर पाणी सुटतं. मंडळाच्या स्टॉलवर प्राहोक असल्याचं लिहून ठेवा. शाकाहारी माणसाला ते नुसतं बघून कळत नाही.

ज्येष्ठांच्या मुलाखती

सगळ्यात जपून करायचं काम हेच. १७ एप्रिल १९७५ला, नववर्ष नुकतंच सरलं असताना, पोल पॉटच्या कम्युनिस्ट ख्मेर रूजनी राजधानी नॉम पेन्ह घेतलं. त्यामुळे एप्रिलमध्ये मुलाखती ठेवू नका. सणाच्या आसपासचे हे दिवस घराघरांत जड असतात.

आजोबांना ‘ता’, आजीला ‘याय’, आईवडिलांहून मोठ्यांना ‘ओम’. त्यांना हात जोडताना बोटांची टोकं तोंडापाशी, भिक्खूंना भुवयांपाशी. पहिली भेट ध्वनिमुद्रण यंत्राशिवाय. दुसऱ्या भेटीत गाव, शेत, आईच्या हातचं जेवण इथून सुरुवात. १९७५ ते १९७९ची, ख्मेर रूजच्या राजवटीची वर्षं त्यांनी स्वतः विषय काढला तरच. ‘मग काय झालं?’ असं विचारू नका, गप्प बसा. नातवाला दुभाषी करू नका. नातवासमोर आजी अर्धं गाळते, आणि उरलेलं नातू गाळतो.

ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. स्टिरिओचा एक तास म्हणजे साधारण १ जीबी. फ्रिज आणि पंखा बंद करा. फ्रिज बंद करताना तुमच्या गाडीची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायचा राहत नाही. संमतीपत्र ख्मेरमध्ये असावं, आणि त्यात तीन वेगळे रकाने: घरच्यांपुरतं, मंडळापुरतं, सर्वांसाठी. सही मुलाखत संपल्यावर घ्या, आधी नको. काय बोललो हे तोवर त्यांनाही माहीत नसतं. आठवड्यानं प्रत ऐकवा आणि ते सांगतील तो भाग काढून टाका.